जुना फ्लॅट घेतला, दुरुस्त केला, भाड्याने दिला

गुंतवणुकीसाठी दुसरं घर घ्यायचं तर जुन्या, रजिस्टर सोसायटीतलंच घ्यायचं, हे माझं आधीपासून ठरलेलं होतं. ताब्याची वाट बघत हप्ते भरण्यापेक्षा उभ्या भिंती डोळ्यांनी बघून घेतलेल्या बऱ्या. पुण्यात कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला वन बीएचके ४६ लाखांना ठरला.

विकणारे गृहस्थ सभ्य होते. वडील वारल्यावर नॉमिनी म्हणून शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, त्यांच्या नावावर झालेलं. एजंट म्हणाला, "ताई, कागद क्लिअर आहेत, टोकन देऊन टाका." पण नॉमिनी फक्त सांभाळणारा, मालकी सगळ्या वारसांची. मृत्युपत्र नव्हतं, आई हयात नव्हती, आणि त्यांची एक बहीण होती न्यू जर्सीला. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीचा वाटा मुलाइतकाच. बहिणीची सही नसेल तर व्यवहार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. एजंट वैतागला, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणाला. मी हलले नाही. शेवटी बहिणीने तिकडच्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद, साक्षांकित करून पाठवलं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेही झालं. या सगळ्यात अख्खा पावसाळा गेला, पण जुनं घर घेणाऱ्याने इथे घाई करूच नये.

खरेदीखत एकटीच्या नावाने केलं. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, पुण्यात ७ ऐवजी ६ टक्के. वाचलेल्या ४६ हजारांत नवं वायरिंग झालं.

दुरुस्तीत मिस्त्रीला किचनच्या ट्रॉल्यांपासून सुरुवात करायची होती. मी बाथरूमपासून करायला लावली. भाड्याच्या घरात भांडणं होतात ती गळतीवरून. जुने जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे पाइप आतून गंजून निम्मे बुजले होते, ते काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे टाकले. फरशी खालपर्यंत उकरली, वॉटरप्रूफिंग केलं, सांडपाणी जायच्या तोंडाला (ट्रॅपला) बोळा लावून ४८ तास पाणी तुंबवून ठेवलं. खालच्या काकूंना म्हटलं, छतावर लक्ष ठेवा, जरा ओल दिसली तरी हाक मारा. छत कोरडं राहिलं, मगच टाइल्स बसवल्या. हॉल मोठा दिसावा म्हणून किचनची भिंत पाडायचा सल्ला मी साफ नाकारला. इमारत लोडबेअरिंग आहे, स्लॅबचा भार त्याच भिंतीवर. राडारोडा रोजच्या रोज उचलायची सोसायटीची अट होती. एकूण खर्च ४ लाख.

शुल्क, नोंदणी धरून घर ५३ लाखांना पडलं. भाडं १६ हजार, म्हणजे वर्षाला साधारण ३.६ टक्के. मेंटेनन्स आणि घरपट्टी वजा करून आणखी कमी. मुदत ठेव याहून जास्त देते, हे खरं आहे. माझा भरवसा दरवर्षी वाढणाऱ्या भाड्यावर आणि जागेच्या किमतीवर आहे.

भाडेकरू म्हणून नुकतंच लग्न झालेलं जोडपं मिळालं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवला. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, असं अजूनही लोक सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी करायचीच, आणि ती जबाबदारी मालकाची. एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर मिळेल असं धरलेल्या व्याजावर ०.२५ टक्के शुल्क, म्हणजे माझ्या करारात पाचशेच्या आत, आणि नोंदणी फी १ हजार. एवढ्यासाठी कोणी कागद कच्चा का ठेवावा? पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहितीही कळवली. स्वतः राहणाऱ्याला घरपट्टीत मिळणारी ४० टक्के सवलत अर्थातच आपल्याला नाही.

सोसायटीने मात्र भाडेकरू ठेवल्याबद्दल महिना १ हजार मागितले. १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशानुसार हे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि पालिकेचे कर त्यात धरायचे नसतात. आदेशाची प्रत जोडून सेक्रेटरींना पत्र दिलं. कमिटीच्या बैठकीत थोडी कुरकुर झाली, पण पुढच्या महिन्याच्या बिलात १० टक्केच लावले होते.