पूरपातळीचं ॲप, नोंद ६ : ग्रुप मोडले, फ्रेम केल्या

मागच्या नोंदीत रंग दाखवतो म्हटलं होतं. रंग राहिले. दोन रविवार लेयरच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या एकेका तुकड्याच्या, पसाऱ्यातच गेले.

नव्या मंडळींसाठी : फिग्मात, म्हणजे ॲपचे स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरात, मी सांगलीच्या पूरपातळीचा एक स्क्रीन करतोय. वर आयर्विन पुलाजवळची पातळी, मधे कोयनेचा विसर्ग, खाली किती फुटाला कुठल्या भागात पाणी येतं त्याचा तक्ता. पावसाळ्यात आमच्याकडे 'जेवलात का'च्या आधी 'किती फूट झालं' विचारतात, म्हणून हा उद्योग.

भाच्यानं फाइल उघडली आणि विचारलं, "मामा, हे रेक्टँगल ४७ काय आहे?" मलाही सांगता येईना. क्लिक करून बघितलं, तर कार्डामागचा पांढरा चौकोन. असे अकरा निघाले. मी दिसेल ते कंट्रोल-जी मारून ग्रुप करत सुटलो होतो. ग्रुपला स्वतःचा आकार नसतो, आतल्या वस्तू जेवढ्या पसरतील तेवढा तो. त्याला पार्श्वभूमीही देता येत नाही, म्हणून ते चौकोन. उजवीकडच्या पॅनेलमधून ग्रुपची फ्रेम केली, म्हणजे स्वतःचा आकार आणि रंग असलेली चौकट, रंग फ्रेमलाच दिला, चौकोन उडवले.

खरी गंमत पातळी दाखवणाऱ्या उभ्या पट्टीची. पट्टीची फ्रेम ३०० पिक्सेल उंच, म्हणजे ६० फुटांना फुटामागे ५. इशारा पातळी ४० फूट, तिची रेघ तळापासून २०० वर. धोका ४५ ला, तिची २२५ वर. निळं पाणी तळाला चिकटवलेलं. सगळं छान. मग छोट्या मोबाइलसाठी उंची २४० केली. बाजूचे आकडे आटले, पण रेघांना मी 'बॉटम' (तळापासूनचं अंतर कायम) बांधून ठेवलेलं, त्या जागच्या हलल्याच नाहीत. धोक्याची लाल रेघ ५६ फुटांवर! २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. या पट्टीप्रमाणे तेव्हा धोका नुकताच सुरू झाला असता. रेघांना आणि पाण्याला 'स्केल' (फ्रेमच्या प्रमाणात सरकणं) लावलं, तेव्हा जागेवर आलं. पट्टीला ऑटो लेआउट, म्हणजे वस्तू आपोआप ओळीत रचणारी सोय, मुद्दाम लावला नाही. तिथे रेघेची जागा हाच अर्थ आहे, एकाखाली एक समान अंतरावर रचून चालत नाही.

कार्डांना मात्र शिफ्ट-ए, म्हणजे ऑटो लेआउटच. 'इशारा पातळीच्या जवळ' हे शब्द 'सुरक्षित'च्या मापाच्या चौकटीत कसे मावणार? रुंदी 'हग' (आतल्या मजकुराएवढी) केली, चौकट शब्दांबरोबर वाढायला लागली. एक ठेच मराठीत लिहिणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो : ओळीची उंची १०० टक्के आणि फ्रेमला 'क्लिप कंटेंट' (चौकटीबाहेरचं लपवणं) चालू असेल तर वरच्या वेलांट्या कापल्या जातात. 'पातळी'ची वेलांटी गेली आणि अर्धा तास मी फाँटला शिव्या घालत होतो. १४० टक्क्यांवर सुटलं.

लेयरची नावं अजून अर्धीच झालीत. कंट्रोल-आर नं तक्त्याच्या ओळी एका झटक्यात 'भाग १', 'भाग २' केल्या. बाकीची बसून हातानं. कोयनेचं कार्ड अजून ग्रुपातच आहे. त्यात मी बाणाच्या आत बाण ठेवलाय, का ते आठवत नाही, म्हणून हात लावायचं धाडस होत नाही.