डोलीतून लढलेला सेनापती

जाकार्तात मी रोज ज्या रस्त्याने ऑफिसला जातो त्याचं नाव जालान जंदेराल सुदिरमान. इंडोनेशियातल्या बहुतेक शहरांत या नावाचा रस्ता सापडतो. हे जनरल सुदिरमान मला खरे कळले ते इथल्या सात्रियामंडला संग्रहालयात. तिथे त्यांची डोली ठेवली आहे. गिरनारला म्हाताऱ्या माणसांना वर नेतात ना, तसलीच. लाकडी खुर्ची आणि दोन बाजूंना दांडे. तिच्यासमोरून माझा पाय निघेना.

सुदिरमान मूळचे जावा बेटावरच्या चिलाचापच्या शाळेतले शिक्षक. जपानी अमलात त्यांना लष्करी शिक्षण मिळालं आणि इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यावर, नोव्हेंबर १९४५मध्ये, अधिकाऱ्यांनी मतदान घेऊन त्यांना सरसेनापती निवडलं. वय अवघं २९! त्याच सुमारास सुरबायात उतरलेल्या ब्रिटिश फौजेत आपल्या मराठा पलटणीचे जवान होते. गोऱ्यांच्या हुकमावरून आपली माणसं दुसऱ्याच्या स्वातंत्र्याच्या आड उभी राहिली, हे मला अजून सलतं.

१९४८मध्ये सुदिरमानना क्षयाने गाठलं. एक फुप्फुस निकामी झालं. १९ डिसेंबरला, आपली जुनी वसाहत परत मिळवू पाहणाऱ्या डचांनी तेव्हाची राजधानी योग्याकार्तावर हल्ला केला. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि उपराष्ट्राध्यक्ष हट्टा शहरातच थांबले आणि पकडले गेले. सुदिरमानना मात्र शरण जाणं मान्यच नव्हतं. अंथरुणातून उठून ते मोजक्या माणसांसह दक्षिणेला निघाले. पुढे सात महिने डोंगर, पाऊस, भूक, आणि मागावर डच. चालवेना तेव्हा माणसांनी त्यांना खांद्यावरून वाहिलं. खर्चासाठी पत्नीचे दागिने विकले. पाचितानजवळच्या सोबो गावातून ते हुकूम पाठवत राहिले.

इंडोनेशियन सैन्य संपलं, असं डच जगाला सांगत होते. १ मार्च १९४९ला गनिमी काव्याने लढणाऱ्या इंडोनेशियन सैनिकांनी दिवसाढवळ्या योग्याकार्तात घुसून सहा तास शहर ताब्यात ठेवलं आणि तो दावा खोटा पाडला. त्याआधी जानेवारीत नेहरूंनी इंडोनेशियासाठी दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरवली होती. पण माझ्या मते, सुदिरमान डोंगरात टिकून राहिले नसते तर परिषदेतल्या ठरावांना धार आली नसती.

मे महिन्यात डचांशी झालेला समझोता त्यांना पटला नव्हता. तरी १० जुलैला ते योग्याकार्तात परतले. २७ डिसेंबरला डचांनी सार्वभौमत्व सोपवलं आणि जेमतेम महिन्याभरानंतर, २९ जानेवारी १९५०ला, मागलांगमध्ये ते गेले. चौतिसावं वर्ष पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते.