घोडं कुठं पेंड खात होतं

ऑक्टोबर लागला की पेडण्याकडच्या आमच्या तबेल्यात पहिलं काम खोगिरांवरची बुरशी पुसायचं. पावसाळाभर रिंगणात तांबडा चिखल, त्यामुळे घोडी नुसत्या उभ्या. त्या वर्षी रिंगण वाळलं तशी मी तांबडीला उडीला घातली. रेसमधून निवृत्त झालेली थरोब्रेड. पळायला वाऱ्यासारखी, पण अडीच फुटांच्या अडथळ्यालाही पुढचे पाय लोंबकळत सोडायची. टक्‌! दांडा खाली.

दोन आठवडे मी तिलाच आळशी म्हणत होते. उंची वाढवली तर झक मारत पाय उचलेल म्हणून अडथळा पावणेतीन फुटांवर नेला. पहिल्यांदा दांडा पाडलाच, दुसऱ्यांदा ती समोर येऊन चारी पाय रोवून उभी राहिली आणि मी तिच्या मानेवर लटकले.

आमचा मोतद्दार सत्तरीचा. शिगम्यात कमरेला लाकडी घोडा बांधून घोडेमोडणी नाचतो. कुंपणाला टेकून बघत होता. "ताई, तुम्ही एकदा उतरा बघू."

खोगीर काढलं, अडथळा दोन फुटांवर आणला आणि तिला मोकळीच सोडली. तांबडीने गुडघे छातीशी घेतले, मान पुढे-खाली लांबवली, पाठ कमानीसारखी गोल. दांड्याला खूरसुद्धा लागला नाही.

"दिसलं? तुम्ही वर गेल्यावर लगाम धरूनच ठेवता. मान ओढून धरली तर माझा लाकडाचा घोडापण उडायचा नाही."

खरं सांगायचं तर राग आला. पण मुद्दा बिनतोड होता. मान अडकली की डोकं वर जातं, पाठ खाली दबते आणि पाय दुमडायला खांद्यांना वावच उरत नाही. मी शिकवते ते इतरांना, स्वतःला नाही!

मग सगळं नव्याने मांडलं. दुडकीसाठी जमिनीवर चार दांडे, साडेचार-साडेचार फुटांवर. त्यांच्यापुढे नऊ फुटांवर दोन दांड्यांची फुली, तिच्यापुढे अठरा फुटांवर छोटा ऑक्सर, म्हणजे एकामागे एक दांडे लावलेला रुंद अडथळा. अंतरं अशी बांधली की ती आपोआप योग्य जागेवरून उडते, घाईने अडथळ्याच्या कुशीत शिरत नाही. ऑक्सरच्या अलीकडे वीतभर अंतरावर एक दांडा जमिनीवर टाकला. घोड्याचे डोळे बाजूंना, कपाळासमोर त्याला दिसत नाही. उडायचं कुठून याचा अंदाज लांबूनच घ्यावा लागतो. हा दांडा चुकून पलीकडे गेला तर अंदाज फसतो आणि घोडा फार जवळ येऊन उडतो, म्हणून ते मी दर फेरीला तपासते.

माझ्या हातांचा इलाज मोतद्दारानेच केला. रिकिबीचा जुना पट्टा तांबडीच्या गळ्यात बांधला. "उडताना हे धरा, लगाम नको." पट्ट्यात बोटं अडकवली की हात मानेबरोबर आपसूक पुढे जातात.

पहिल्या फेरीला ती धडपडली. तिसऱ्या फेरीला खालून पाठ उचलल्याचं मला खोगिरात जाणवलं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. आवाज नाही. चौथी, पाचवी, तेही शांत. थांबायला हवं होतं, पण मोह. सहाव्या फेरीला टक्‌!

मी मागे वळले. मोतद्दार दांडा उचलत हसला, "हा मागचा पाय. हा तिचा."