नाचणीचं फडकं

धाकटा इंग्लंडात लीड्सला निघाला तेव्हा त्याच्या बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि मलमलचं एक फडकं घातलं होतं. "फडकं कशाला गं?" म्हणाला. "असू दे की," म्हटलं. चक्का टांगायला, नाचणीला मोड आणायला फडकं लागतंच. दीड वर्ष त्या फडक्याचा पत्ता नव्हता. परवाच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बघते तर मोठ्या पातेल्यात तेच फडकं, गाठोडं बांधून सोडलेलं.

"नाचणी करालास काय?"

"नाही गं. बिअर."

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरात हा शब्द एवढ्या मोठ्यानं कधी उच्चारला गेला नव्हता. ह्यांनी पेपर वर केला तो तसाच धरून ठेवला. तिकडं १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही म्हणे. आमच्याकडं कर्नाटकाचा १९६५ चा अबकारी कायदा आहे, तेव्हा मी इथून नुसतं बघायचं.

दुकानात तयार डबा मिळतो. आत काकवीसारखा घट्ट, काळपट पाक. तो जवाचा अर्क. कडूपणाही त्यातच घातलेला. त्यात किलोभर साखर घालायची, २३ लिटरपर्यंत पाणी ओतायचं आणि झाकणाखाली ठेवलेली यीस्टची पुडी वर भुरभुरायची. पहिल्या खेपेला ह्यानं डब्यावरच्या सूचना मुकाट पाळल्या, आणि झालं काय तर पाणी घातलेलं ताक. चूक साखरेची. साखर यीस्ट सगळीच्या सगळी खाऊन टाकतं, तोंडाला लागायला मागं काही उरत नाही. म्हणून आता साखरेऐवजी जवाच्या अर्काचीच पावडर. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात वाढलेलं पोरगं साखर नको म्हणतंय, हे ऐकून मला गंमत वाटली. पण डब्यात काहीतरी आपलं घालायचं हे त्याचं मला लगेच पटलं. आमच्या सासूबाई गुलाबजामच्या तयार पिठात ताजा खवा मळल्याशिवाय पाकीट संपवत नसत. नुसतं पाकीट फोडून केलं तर ते केलं कसं म्हणायचं?

फडक्यात पाव किलो जव होते, जाडसर भरडलेले. पण साधे नव्हेत. जव भिजवून, मोड आणून... इथं मी त्याला थांबवलं. भिजवायचं, बांधायचं, मोड आले की वाळवायचं, भाजायचं, दळायचं. अरे, हे तर नाचणीसत्त्व! तुला सहाव्या महिन्यात चारलंय की मी. "हो, तसंच," तो म्हणाला, "फक्त हे ओले असतानाच तापवतात." म्हणजे दाण्यातल्या पिठाची दाण्यातच साखर होते आणि पुढं भाजताना ती करपल्यासारखी तांबूस होते. त्यानं एक दाणा कॅमेऱ्यासमोर धरून दातांनी फोडला. आत गूळ खुटखुटीत झाल्यासारखं, चकचकीत.

पाणी ६५ ते ७० अंशांवर, अर्धा तास. उकळू द्यायचं नाही. मागच्या वेळी हा फोनवर बोलत बसला, गाठोडं खळखळा उकळलं आणि सगळी बिअर तुरट झाली. टरफलाचा तुरटपणा उतरला. चहाची पावडर जास्त उकळली तर काय होतं, हे ज्याला घरी रोज सांगत आले त्यालाच हे व्हावं.

मग हॉप्स. केंटमधली, गोल्डिंग्ज नावाची, सुकलेल्या हिरवट कळ्यांसारखी. वेलीची फुलं. "कुठली वेल रे?" "गांजाच्या कुळातली." पेपर अखेर खाली आला. नशा नसते हो बाबा, नुसता कडूपणा आणि वास, असं त्यानं घाईघाईनं सांगितलं. तासभर उकळली तर कडू होतात, वास उडून जातो. डब्यात कडूपणा आधीच असतो, म्हणून ह्यानं गाठोडं काढून त्या तांबूस पाण्यात ३० ग्रॅम टाकली आणि उकळली ती शेवटची दहाच मिनिटं. म्हणजे चहातलं आलं आधी आणि वेलची उतरवताना, तसंच. आणखी ३० ग्रॅम आठवड्यानं, फेस बसल्यावर, न उकळता तशीच टाकायची आणि तीन-चार दिवस मुरू द्यायची. लोणच्याला मी एवढं जपत नाही.

यीस्टची पुडीसुद्धा डब्यातली नाही, वेगळी आणलीय, दुप्पट मोठी. खोली १८ ते २० अंशांत राहिली पाहिजे म्हणून पिंप जिन्याखाली. त्यावर माझी जुनी शाल.

कशी झाली, हे मला कधी कळायचं नाही. ह्यांनी मात्र रात्री जेवताना, ताटात बघतच विचारलं, "बाटल्या कधी भरणार म्हणाला?"

येताना फडकं परत आण, असं मी त्याला बजावलंय. वास जात नाही गं त्याचा, म्हणाला. म्हटलं, आण तू. सोडा घालून दोनदा उकळते. पुढच्या महिन्यात थोरलीच्या बाळाला सहावा लागतोय, नाचणी बांधायचीय.