साडेतीन महिन्यांचा दाखला

रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण 1986 चा एक दिवस अजून डोक्यातून जात नाही, म्हणून टाईप करतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी तेव्हा एका सरकारी ऑफिसात कनिष्ठ लिपिक होतो आणि नवीन म्हणून माझ्या गळ्यात स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचं टेबल मारलेलं. हे टेबल कुणालाच नको असायचं, कारण समोर सत्तरीची माणसं, आणि आपण त्यांना काय विचारायचं तर "कागद आहे का?" त्यात आमच्याकडचा रेकॉर्डचा घोळ वेगळाच. 1942 ला सगळा एकच सातारा जिल्हा, 1949 ला फुटून दक्षिण सातारा झाला, 1960 ला त्याचं नाव सांगली झालं, शिवाय कुंडलसारखी गावं तेव्हा औंध संस्थानात. म्हणजे माणूस इथं आणि त्याचा कागद भलतीकडंच.

त्या दिवशी दोन म्हातारे आले. एक आण्णा, खादीचं धोतर, पांढरीशुभ्र टोपी, 1930 च्या बिळाशीच्या जंगल सत्याग्रहात जेल, परत 1943 ला जेल, दोन्ही मिळून दोन वर्षांच्या वर. त्यांना पेन्शन कधीच सुरू झालेली. दुसरे तात्या, डोक्याला पटका, काम त्यांचं होतं. तात्या प्रतिसरकारातले, म्हणजे नाना पाटलांनी इंग्रजांना न जुमानता गावोगाव चालवलेलं समांतर सरकार, आमच्याकडं पत्री सरकार म्हणतात ते.

नियम असा की जेलमध्ये सहा महिने काढले असतील तर जेलचं सर्टिफिकेट लावा, विषय संपला. भूमिगत असाल तर सहा महिन्यांच्या वर फरारी असल्याचा पुरावा हवा, म्हणजे सरकारनं फरारी जाहीर केलेलं किंवा डोक्यावर बक्षीस लावलेलं किंवा अटकेचा हुकूम निघून बजावताच आला नाही असं काहीतरी. तसलं काही नसेल तर मोठी शिक्षा भोगलेल्या दुसऱ्या स्वातंत्र्यसैनिकाचा दाखला. म्हणून आण्णा बरोबर आलेले.

मी विचारलं तात्या पोलीस रेकॉर्डला नाव आहे का? तर म्हणाले, "न्हाई. त्यांना नावच कळू दिलं न्हाई की." आणि जरा थांबून, "कळलं असतं तर आज पेन्शन मिळाली असती न्हवं का, भाऊसाहेब?" मला हसू पण आलं आणि लाज पण वाटली. आण्णा उघडपणे पकडून घेत होते म्हणून इंग्रजांनीच त्यांचा कागद तयार करून ठेवला, आणि तात्यांनी काम चोख केलं म्हणून त्यांच्याकडं चिठोरं पण नाही.

दोघं 10 सप्टेंबर 1942 ला इस्लामपूरच्या मोर्चात एकत्र होते. त्याच्या आठवडाभर आधी तासगावच्या कचेरीवर झेंडा लागला होता, गोळी न चालता, त्यामुळं लोकांना वाटलं इथं पण तसंच होईल. पण आदल्याच दिवशी वडूजला गोळीबार होऊन परशुराम घार्गे आणि बाकीचे पडलेले, आणि मग इस्लामपूरला पण गोळ्या चालल्या, पंड्या आणि बारपटे गेले. तात्या म्हणाले त्या रात्रीपासून मी घरी झोपलो नाही. आण्णांनी मात्र पुढच्या जानेवारीत सरळ अटक करून घेतली.

मी दाखल्याचा मसुदा लिहायला घेतला, "सदर इसम सप्टेंबर 1942 ते 1946 भूमिगत होते हे मला माहीत आहे." आण्णांनी पेनावर हातच ठेवला. "जानेवारीपतोर लिहा. नंतर मी आत होतो, मी बघितलं न्हाई."

मी समजावलं, आण्णा साडेतीन महिने होतात, सहा हवेत, सगळ्या तालुक्याला माहीत आहे हो. ते हलेनात. सत्याग्रह म्हणजे काय ते मला त्या दिवशी टेबलाच्या या बाजूनं कळलं, फार वैताग येतो.

मग विषय भडकलाच. काम काय केलं या रकान्यात तात्यांनी सांगितलं, निरोप पोचवले, भाकरी पोचवल्या, शेणोलीला रेल्वेची पगाराची गाडी लुटली तेव्हा आमच्यातली पोरं होती, मी न्हवतो. आण्णा म्हणाले, "आणि पत्री मारताना पाय कुणी धरले ते पण लिही." पत्री मारणं म्हणजे तळपायांवर फटके मारायची त्यांची शिक्षा. तात्या उसळले. खबऱ्या होता तो, तुमच्यासारखं सूत कातून ऐकला असता व्हय? दरोडेखोर, सावकार, सगळे सरळ झाले, गावात न्याय मिळायला लागला, कोर्टात जायची गरज उरली न्हाई. आण्णा एवढंच म्हणाले, "तो पुढं काठी घेऊनच चालला. त्याची पोरं माझ्या वर्गात होती."

सगळं ऑफिस ऐकत होतं. 44 ला गांधीजी सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड व्हा, हजर व्हा म्हणून सांगितलेलं, तो निरोप आण्णांनीच तात्यांना दिला होता. तात्यांचं उत्तर, नाना पाटील हजर होतील तेव्हा मी होईन. नाना काही 46 पर्यंत बाहेर आले नाहीत. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद, ते एकदम या दाखल्यापायी सुरू झालेलं.

माझं मत विचाराल तर त्या दिवशी दर पाच मिनिटाला बदलत होतं.

शेवटी तात्याच म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय. जेवढं बघितलं तेवढंच लिहा." मी साडेतीन महिन्यांचाच दाखला लिहिला, दोघांच्या सह्या घेतल्या, साहेबांनी बघून "कालावधी अपुरा" असा शेरा मारला आणि फाईल कपाटात गेली. दोघं एकाच एसटीनं गेले, बोलत होते का माहीत नाही.

पंधरा दिवसांनी आण्णा एकटेच आले. पिशवीतून घडी केलेला कागद काढला, कुंडलच्या एका तुफान सेनेतल्या, म्हणजे प्रतिसरकारच्या फौजेतल्या, माणसाचा दाखला, तो पण जेल भोगलेला, फेब्रुवारी 43 पासून पुढचा सगळा हिशोब त्यात. ज्यांच्या पत्रीवरून आण्णा माझ्या टेबलाशी भांडले त्यांच्याच गावात हा माणूस दोन गाड्या बदलून गेलेला.

मी म्हटलं आण्णा, तुम्ही स्वतः गेलात?

"मी खोटं लिहिणार न्हाई म्हटलं होतं. दुसऱ्यानं खरं लिहू नये असं कुठं म्हटलं?"

मी आवकचा शिक्का मारून पोच दिली. जाता जाता दारातून परत वळले, "त्याला सांगू नका, मी आलतो म्हणून."

मी अर्थातच सांगितलं.