शोशोची मुलाखत

आज लिमूरूला ऑफिसातल्या मित्राकडे जेवायला गेलो होतो. नैरोबीपासून जवळच, आजूबाजूला सगळे चहाचे मळे. त्याच्या लेकीला गृहपाठ होता, आजीची मुलाखत. पोरगी इंग्रजीत विचारणार, शोशो (म्हणजे आजी) किकुयूत सांगणार आणि मध्ये बाप दुभाषा!

"शाळा का सोडलीस?"

शोशो फणकारली. मी कुठे सोडली? १९५२ला आणीबाणी लागली. किकुयू लोकांनी पदरमोड करून चालवलेल्या शाळांना इंग्रज सरकारनं टाळं ठोकलं. त्यात तिचीही गेली.

मग मित्र स्वतःचंच सांगत बसला, मला, इंग्रजीत. केनिया १९६३ला स्वतंत्र झाला, तरी त्याच्या शाळेत किकुयू बोलताना सापडलेल्याच्या गळ्यात लाकडी चकती अडकवायचे. पुढचा कोणी सापडला की ती त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्यापाशी चकती, त्या पोराला छड्या. "दुसऱ्याला बोलतं करायला काय काय युक्त्या लढवायचो!" तो हसत होता. मला काही हसू येईना.

शोशोनं विचारलं, काय चाललंय तुमचं? तो किकुयूत एवढंच म्हणाला (मला नंतर सांगितलं), काही नाही गं, मुकिमो वाढ.