तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटात का लिहितो

"काका, त्यात तुम्हाला मिळतं काय?" माझं देवगडला पंप-मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं येणारी पॉलिटेक्निकची मुलं हे हमखास विचारतात, घरचेही विचारतात. दुकान बंद केल्यावर रात्री मी ईएसपी३२सारख्या मायक्रोकंट्रोलरची (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपची) माहिती देणाऱ्या एका खुल्या संकेतस्थळासाठी लिहितो, तिथली पानं दुरुस्त करतो. पैसे मिळत नाहीत, हे खरं.

घरामागच्या टाकीसाठी मी स्वतःच एक यंत्र केलं होतं. टाकी भरली की फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बटण, वायर ग्राउंडला (शून्य व्होल्टला) जोडणार आणि विहिरीवरचा पंप बंद होणार. वायर घेतली चिपच्या पिन ३४ वर, प्रोग्रॅममध्ये आतला पुलअप चालू केला, म्हणजे स्विच उघडा असताना पिन ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रोधक. कंपाइल होताना एकही चूक दिसली नाही. रात्री मात्र रिलेची, म्हणजे पंप चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचची, टकटक सुरू झाली. पंप लागायचा, बंद पडायचा, पुन्हा लागायचा. मी मीटर लावला की रिले गप्प, काढला की पुन्हा टकटक! तीन रात्री मी रिले, वायर, ॲडॉप्टर बदलत बसलो.

खरं कारण असं, की ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुलअप नसतोच, त्या फक्त इनपुटच्या. स्विच उघडा असला की पिन अधांतरी, आणि लांब वायर अँटेनासारखी वाटेल ते पकडते. मीटर लावला की त्याच्या आतल्या १० मेगाओहममधून पिन ग्राउंडकडे ओढली जायची, म्हणून चिपला टाकी भरलेली वाटायची. पिनांची ही गोष्ट माहितीत लिहिलेली होती, पण वेगळ्या पानावर. मी वाचत होतो त्या उदाहरणाच्या पानावर तिचा उल्लेखही नव्हता. तिथं एक ओळ घालायची सूचना पाठवली. ती माझी पहिली.

वायर पिन २७ वर हलवली, तिला आतला पुलअप आहे. सगळं सुरळीत झालं. मग मिरग लागला, आणि टाकी रिकामी असूनही पंप लागेना.

हे कुठल्याच पानावर नव्हतं. टाकीजवळच्या जोडणीच्या डबीत ओल शिरलेली, वर खाऱ्या वाऱ्यानं मिठाचा थर बसलेला. दोन वायरींमधला रोध मोजला तर जेमतेम १०० किलोओहम. आतला पुलअप साधारण ४५ किलोओहमचा असतो, त्यामुळे ३.३ व्होल्टमधले पिनवर उरायचे सुमारे २.३ व्होल्ट. 'हाय' म्हणून, म्हणजे स्विच उघडा आहे असं, खात्रीनं वाचायला चिपला जवळपास २.५ लागतात. बाहेरून ४.७ किलोओहमचा रोधक लावला. ओल तेवढीच, पण आता पिनवर ३.१ च्या वर.

हा परिच्छेद लिहून पाठवला. तपासणाऱ्यानं विचारलं, "आकडे मोजलेत की हिशोबानं काढलेत?" मला तो प्रश्न फार आवडला. मिठाच्या पाण्यात बुडवलेला कापडाचा तुकडा डबीत ठेवून पुन्हा मोजलं, दोन्ही आकडे लिहिले, आणि परिच्छेद घेतला गेला.

माहिती लिहिणारा बहुधा कोरड्या टेबलाशी बसून लिहितो. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्या डबीत मीठ जात नाही. आपल्याकडे जातं. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत कुणी टाकीवर असं यंत्र बसवलं, तर पहिल्याच पावसात त्याच्यासमोर हेच येणार. ते मला माहीत असताना गप्प बसणं जमत नाही.

सध्या कलमांच्या बुंध्याशी मातीची ओल मोजणारा सेन्सर लावलाय. ईएसपी३२ वर वाय-फाय चालू असताना एडीसी२ च्या (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या दोन भागांपैकी दुसऱ्याच्या) पिनांवरचं वाचन भरवशाचं नसतं, म्हणून तो पिन ३२ वर, म्हणजे एडीसी१ वर घेतलाय. ते पान अर्धं लिहून झालंय. बाकीचं पाऊस पडल्यावर, मोजून.